झेब्रा क्रॉसिंगवरचा नमस्कार

आमच्या चार बॅगांपैकी एका बॅगेत काय आहे ते कळल्यावर माझा नवरा विमानतळावर आमच्यापासून जरा लांबच उभा राहिला. सुके बोंबील होते. भाईंदरजवळच्या डोंगरीला वाळवलेले, आधी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि सगळ्यात वर सासूबाईंच्या जुन्या परकरात गुंडाळलेले. पेढे आणायचे नाहीत, असं सिस्टरने फोनवर बजावलं होतं. दुधाचं काही नको, मटण नको, मासे चालतात. म्हणून गोड घरी राहिलं आणि बोंबील निघाले आयर्लंडला.

सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या दाराची शेजारीण. मीरा रोडच्या हाटकेशला आमच्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. ती नर्स, म्हणून अख्खी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची. कुणाला ताप आला, कुणाची शुगर वाढली, की आधी तिची बेल वाजायची आणि मग डॉक्टरला फोन जायचा. तिचा नवरा मूळचा डोंगरीचा. तरुणपणी त्यांनी भाईंदर स्टेशन ते डोंगरी रिक्षा चालवली, लग्नानंतर शाळेची व्हॅन घेतली. आमची लेक पहिलीपासून त्या व्हॅनने जायची आणि त्यांना व्हॅनकाका म्हणायची, म्हणून आम्हीही सगळे व्हॅनकाकाच म्हणायला लागलो. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात. संध्याकाळी दोन्ही दारं उघडी असायची आणि कुठली पोर कुठल्या घरात जेवली हे कुणी विचारायचं नाही.

मग सिस्टरला आयर्लंडमधल्या एका खेड्यात, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागली. आधी ती गेली, वर्षभराने नवरा आणि मुलगी गेले. समोरच्या दाराला कुलूप लागलं आणि आमच्या पॅसेजमध्ये इतकी शांतता झाली की मागच्या गाळ्यांमधल्या मशीनचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. मला ते मुळीच आवडलं नाही. मी नवऱ्यामागे भुणभुण लावली ती लावलीच, आणि शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचं ठरलं. सासूबाईंना इथे एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्या तर माझ्याआधी बॅग भरून बसल्या होत्या.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही डोंगरीला व्हॅनकाकांच्या आईला भेटायला गेलो. तिला सगळे आय म्हणतात. अंगणात दोरीवर बोंबील, शेजारी मांजर, आणि मांजरावर नजर ठेवून बसलेली आय. तिने आधी बोंबील बांधून दिले आणि मग सासूबाईंचा हात धरून त्यांना जरा बाजूला नेलं. मी मुद्दाम कान देत नव्हते, पण आयचा आवाज काही लपणारा नाही.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "न्हाय जमत तर ये म्हणावं. घर हाय, मी हाय."

सासूबाईंनी मान हलवली. आय आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि आमच्याकडे न बघता रिक्षावाल्याला म्हणाली, "सावकाश चालव, हां." मला हसू आलं, कारण व्हॅनकाका आईची नक्कल करून दाखवायचे ती हीच. ते गाडी बाहेर काढायचे तेव्हा रोज सकाळी आय दारात येऊन एवढं एकच वाक्य बोलायची. रिक्षा होती तेव्हा, आणि पुढे हाटकेशहून व्हॅन घेऊन भेटायला गेले की निघतानाही.

आता 'न्हाय जमत' म्हणजे काय जमत नव्हतं, ते सांगते. लायसन.

ज्या माणसाने भाईंदरच्या रस्त्यांवर उमेदीची सगळी वर्षं गाडी चालवली, गणपतीत, नवरात्रात, फाटकाजवळच्या गर्दीत, आणि कधी कुणाला ओरखडा लावला नाही, तो आयर्लंडमध्ये ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. आपलं लायसन तिथे काही काळच चालतं, मग त्यांची परीक्षा द्यावी लागते. आणि त्या खेड्यात गाडी नसेल तर माणूस म्हणजे घरातलं कपाट. दूध आणायलाही गाडी लागते. सिस्टर ड्यूटीवर, मुलगी शाळेत आणि व्हॅनकाका खिडकीत. समोर गाई. गाईही काही वेळाने तोंड फिरवून बसायच्या.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी हे सगळं आम्हाला कळलं. संध्याकाळ म्हणजे नावाची, कारण जेवणं उरकली तरी बाहेर आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं ऊन. घराच्या मागे गवताचा तुकडा होता, कुंपणाला पांढरी फुलं लगडलेली, आणि कुंपणापलीकडे त्याच त्या गाई. दोघी पोरी पंधरा मिनिटं एकमेकींशी लाजल्या आणि मग अशा पळत सुटल्या की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. मी तिथे खुर्चीत बसले होते आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटत होतं की उठावंसंच वाटेना. तेवढ्यात व्हॅनकाका चहा घेऊन आले, आमच्याजवळ बसले आणि बोलायला लागले.

नर्सिंग होमची एक छोटी गाडी होती. आसपासच्या शेतांवरच्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी घेऊन यायचं आणि दुपारी परत सोडायचं. तिचा ड्रायव्हर निवृत्त होत होता. सिस्टरने मॅनेजरला सांगून ती जागा नवऱ्यासाठी धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. आणि परीक्षेची तारीख आली होती ती आमच्याच मुक्कामात, पुढच्या गुरुवारी.

"ताई, हा शेवटचा," व्हॅनकाका मला म्हणाले. "न्हाय झाला तर मी परत जातो. बायकोच्या पगारावर खिडकीत बसायला मी आलो न्हाय हितं. आयला पण बोललोय तसं."

माझा नवरा म्हणाला की असं एकदम टोकाचं कशाला बोलायचं. आत भांडी विसळताना सिस्टरने मला दुसरी बाजू आधीच सांगितली होती. तिला इथलं काम सोडता येत नव्हतं, मुलगी आत्ता कुठे शाळेत रुळली होती. तो परत गेला तर या गाईंमध्ये ती एकटी पोरीला घेऊन राहणार. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री-अपरात्री लोकांच्या घरी जाऊन सलाईन लावणारी ही बाई नळ चालू ठेवून रडली. मी तो नळ बंद केला आणि तिला म्हटलं, "तू रडू नकोस, आपण त्याला पास करू." कसं करू ते मला अर्थातच माहीत नव्हतं. मला स्कूटीसुद्धा धड चालवता येत नाही.

दोन्ही वेळा ते एकाच जागी घसरले होते. परीक्षा जवळच्या कसब्यात होती. तिथे एकच मोठा रस्ता, त्या रस्त्यावर चर्च आणि चर्चच्या दारासमोरच झेब्रा क्रॉसिंग. परीक्षेची गाडी कुठूनही फिरली तरी तिथून जायचीच. पहिल्या वेळी त्या पट्ट्यांपाशी एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. व्हॅनकाका तिच्या समोरून निघून गेले. त्यांचं म्हणणं, ती नुसती उभी होती. तिला पलीकडे जायचं होतं तर तिने हात दाखवायचा होता, निदान एक पाय तरी रस्त्यात टाकायचा होता. मीरा रोडला माणूस हात पुढे करून रस्त्यात घुसतो आणि मग गाडीवाला काय ते बघतो. तिथे माणूस नुसता कडेला आला तरी गाडी थांबलीच पाहिजे.

दुसऱ्या वेळी पट्ट्यांवर कुणी नव्हतं. पण चर्च होतं. डोंगरीच्या रस्त्यावर वळणावळणाला क्रूस आहे, आणि व्हॅनकाकांचा हात प्रत्येक क्रूसापाशी आपोआप स्टिअरिंगवरून उठतो, कपाळाला लागतो, छातीला लागतो, आणि डोळे क्षणभर मिटतात. आमच्या मुलीने त्या व्हॅनमध्ये इतकी वर्षं काढली की एकदा आमच्या देवघरासमोर तिनेही तसंच केलं होतं आणि सासूबाई गप्प राहिल्या होत्या. तर त्या दिवशी कसब्यातल्या चर्चसमोर व्हॅनकाकांनी परीक्षक शेजारी बसलेला असताना हात सोडला आणि डोळे मिटले. परीक्षकाला तो प्रकार भक्तीचा वाटला की झोपेचा, कोण जाणे. नापास.

मग आम्ही सराव सुरू केला. घरासमोरच्या मोकळ्या जागेत पोरींनी खडूने पट्टे काढले. माझा नवरा परीक्षक झाला. त्याला ते काम फारच आवडलं. हातात कागद, नाकावर चष्मा, आणि तोंडातून शब्द नाही. घरी तो असा गप्प बसला असता तर किती बरं झालं असतं. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवालं कुणीतरी लागतं आणि सिस्टरचं लायसन आधीच झालं होतं, म्हणून ती शेजारच्या सीटवर असायची आणि माझा नवरा मागे. पोरी आधी पादचारी झाल्या, पण त्या मध्येच नाचायच्या, मग व्हॅनकाका हसायचे आणि सगळं फिसकटायचं. मी झाले, तर म्हणे मी रागाने बघते. शेवटी सासूबाई उभ्या राहिल्या.

सासूबाईंचं रूप त्या दिवसांत बघण्यासारखं होतं. पाचवारी साडी, त्यावर सिस्टरचा जांभळा जाड स्वेटर, डोक्याला मफलर, पायात माझ्या नवऱ्याचे जुने बूट आणि हातात त्यांची बाजाराची कापडी पिशवी. पिशवी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, रस्ता ओलांडणारं माणूस रिकाम्या हाताने कुठे जातं? त्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. व्हॅनकाका हळू व्हायचे, थांबायचे, हँडब्रेक ओढायचे. सासूबाई सावकाश पलीकडे जायच्या आणि परत यायच्या. सकाळी, दुपारी, चहानंतर. गाई कुंपणाला ओळीने येऊन बघायला लागल्या. मला वाटतं त्या गावात एवढी करमणूक बऱ्याच वर्षांत झाली नसावी.

एक गोष्ट मला लवकरच कळली. व्हॅनकाका सासूबाईंसाठी थांबत होते ते पट्ट्यांमुळे नाही. पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असलेली म्हातारी बाई म्हणजे रिक्षावाल्याच्या डोळ्याला सवारी. पाय आपोआप ब्रेकवर जात होता. एकदा तर ते थांबून, मान वाकवून "कुठं जायचं, आजी?" असं विचारायच्या बेतात होते. मी हे कुणाला बोलले नाही. थांबतोय ना माणूस, मग का थांबतोय याच्याशी आपल्याला काय करायचंय?

हाताचं मात्र जमेना. गावातही एक छोटं चर्च होतं आणि सरावात तिथून गेलं की हात उठायचाच. सिस्टरने दटावलं, माझ्या नवऱ्याने कागदावर मोठा भोपळा काढून दाखवला. व्हॅनकाकांचा चेहरा उतरायचा. ते म्हणाले की हात धरून ठेवला तर आतून चुकल्यासारखं होतं, आणि मग पुढच्या वळणावर खरंच चुकतं. जन्मापासून कधी क्रूस ओलांडून तसाच गेलो नाही, आता बरोबर परीक्षेच्या दिवशी कसा जाऊ?

बुधवारी जेवताना सासूबाईंनी यावर तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "तू हात सोडू नकोस. मी त्या चर्चपाशी जाऊन उभी राहते आणि तुझ्यावतीने नमस्कार करते. केल्याशी कारण."

मी म्हटलं, "आई, तुम्ही हात जोडणार, ते क्रूस करतात. चालेल का ते?"

"देवाला एवढं कळत नसेल तर तो देव कसला," त्या म्हणाल्या आणि भात मागितला.

व्हॅनकाकांनी आधी सिस्टरकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग त्यांनी उठून त्यांच्या पायाला हात लावला. मला एकदम गहिवरून आलं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाचच पोरींना ओरडले.

त्या रात्री झोपताना मी सासूबाईंना आयच्या निरोपाची आठवण करून दिली. इतके दिवस झाले, तुम्ही अजून त्यांना सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, विसरलेली नाही. "परीक्षेच्या आधी सांगितलं की घर आहे, ये, तर तो मन लावून गाडी कशाला चालवेल? आधी होऊ दे." आणि पाठ फिरवून झोपल्या. मला ते पटलं. पण आयला काय हवंय हे मी तिच्या अंगणात ऐकलं होतं आणि सिस्टरला काय हवंय हे नळापाशी. दोघींना एकदम मिळण्यासारखं ते नव्हतं.

गुरुवारी सकाळी बारीक पाऊस होता, तिथे असतो तसा, भिजवतही नाही आणि सोडतही नाही. नवरा आणि पोरी घरी थांबल्या. व्हॅनकाकांनी गाडी चालवली, शेजारी सिस्टर, मागे मी आणि सासूबाई. वाटेत समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होता. तिथली पद्धतच आहे. एरवी व्हॅनकाका त्यांना पूर्ण हाताने सलाम ठोकायचे. त्या दिवशी बोटसुद्धा हललं नाही. लोकांना वाटलं असेल, आज हा कुणावर तरी रुसलाय.

आम्हाला चर्चपाशी उतरवून ते दोघं पुढे परीक्षेच्या जागी गेले. चर्चचं दार बंद होतं. झेब्राच्या दोन्ही टोकांना खांब, खांबांवर पिवळे गोल दिवे उघडझाप करत होते. सासूबाई चर्चकडे तोंड करून, पिशवी कोपराला अडकवून, हात जोडून उभ्या राहिल्या. मी छत्री धरून त्यांच्यामागे. येणारे-जाणारे बघत होते, पण तिथली माणसं फार सभ्य, बघितलं की लगेच "गुड मॉर्निंग" म्हणून टाकतात. सासूबाई प्रत्येकाला उलट "गुड मॉर्निंग" म्हणत होत्या आणि परत डोळे मिटत होत्या. मध्येच एक मोटार आमच्यासाठी थांबली. मी हाताने नको नको केलं, तेव्हा ती गेली. मग दुसरी थांबली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आम्ही नेमक्या कुठे उभ्या आहोत.

मी म्हटलं, "आई, जरा मागे सरका." आणि तेवढ्यात आमची निळी गाडी वळणावर दिसली.

गाडीत शेजारी पिकलेल्या आखूड केसांची एक बाई मांडीवर काहीतरी घेऊन बसली होती. व्हॅनकाकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर इतके घट्ट की बोटं पांढरी. सासूबाई आनंदाने वळल्या, जोडलेले हात त्यांच्याकडे करून. जांभळा स्वेटर, मफलर, पिशवी. आठवडाभर ज्या रूपाला थांबायची सवय लावली होती तेच रूप, नेमकं त्या पट्ट्यांच्या तोंडाशी. गाडी हळू झाली, थांबली, आणि मला काचेतून त्यांचा हात हँडब्रेक ओढताना दिसला.

सासूबाईंना पलीकडे जायचंच नव्हतं. त्या हाताने खुणा करायला लागल्या, जा, जा. व्हॅनकाका जाईनात. माणूस कडेला असेपर्यंत हलायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात आम्हीच ठोकून बसवलं होतं. मागे एक गाडी येऊन थांबली. तिच्यामागे ट्रॅक्टर. हॉर्न कुणीही वाजवला नाही. परीक्षक बाई शांतपणे आमच्याकडे बघत होती. अजून थोडं असंच चाललं तर परीक्षा आम्हीच बुडवणार होतो.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, ओलांडा."

"मला पलीकडे काही काम नाही."

"काम नसलं तरी चला!"

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही निघालो. अगदी मध्यावर आल्यावर त्या थांबल्या. नमस्कार अर्धा राहिला होता म्हणे. ऐन रस्त्यात, गाडीच्या बॉनेटसमोर, त्या चर्चकडे वळल्या, कमरेत वाकल्या आणि शांतपणे पुरा नमस्कार केला. मी मनात सगळ्या देवांना एकदम हाक मारली. मग आम्ही पलीकडे पोचलो. गाडी निघाली. चर्चच्या दारासमोरून जाताना व्हॅनकाकांचे हात जिथे होते तिथेच राहिले, मी नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

परीक्षेच्या ऑफिसपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटभर मी सासूबाईंवर चिडत होते आणि सासूबाई माझ्यावर. त्यांचं म्हणणं, जागा मी निवडली. माझं म्हणणं, नमस्कार त्यांनी काढला. दारात सिस्टर उभी होती. तिला आम्ही काही सांगायची हिंमत केली नाही. थोड्या वेळाने गाडी आली, ते दोघं आत गेले, आणि मग व्हॅनकाका एकटेच बाहेर आले. हातात कागद होता, तो त्यांनी थेट सिस्टरकडे दिला. तिने वाचला आणि ती तिथेच ओल्या पायरीवर बसली.

"पास," ती म्हणाली.

नंतर कळलं की परीक्षक बाईने एकाच गोष्टीचं तोंडाने कौतुक केलं होतं. क्रॉसिंगवरच्या त्या गोंधळलेल्या वृद्ध बाईशी तुम्ही फार धीराने वागलात, असं ती म्हणाली. सासूबाईंना याचा भयंकर राग आला. गोंधळलेली कोण? वृद्ध कोण? त्या आत जाऊन तिला विचारायला निघाल्या होत्या. मी आणि सिस्टरने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना गाडीत बसवलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं होतं.

परत जाताना व्हॅनकाकांनी चर्चच्या आवारात गाडी नेली, दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध लावली, इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून त्यांनी सावकाश क्रूस केला. काचेवर पाऊस पडत होता. तेव्हा सासूबाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्या आईचा निरोप ऐक. नाही जमलं तर ये, घर आहे, मी आहे, असं सांगितलंय तिने. मी आजवर सांगितलं नाही. रागावू नकोस."

व्हॅनकाका आरशात सासूबाईंकडे बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, आईला लावला आणि आमच्यासाठी स्पीकरवर ठेवला. डोंगरीला दुपारची जेवणं झाली असतील. मागे कुठेतरी कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"आय, लायसन झाला," ते म्हणाले.

"झाला काय?" आयचा आवाज एकदम चढला. तिने कुणाला तरी ओरडून सांगितलं, टीव्ही बारीक करायला लावला. मग विचारलं, "बोंबील खाल्ले काय?"

"खाल्ले." मग त्यांनी श्वास घेतला. "आय, म्हणजे मी न्हाय येत गो आता."

तिकडून काहीच आलं नाही. फोन कट झाला की काय म्हणून सिस्टरने स्क्रीनकडे बघितलं. सासूबाईंनी माझा हात धरला होता आणि तो फार घट्ट धरला होता. मला वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून आठवडाभर मेहनत केली ती या एका बाईकडून तिचा मुलगा काढून घ्यायला, आणि आत्तापर्यंत मी किती खुशीत होते.

मग आय बोलली.

"बरा झाला," ती म्हणाली. "सावकाश चालव, हां."

व्हॅनकाकांनी "हो" म्हटलं. फोन ठेवला, डोळे पुसले, आरसा बघितला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.